महावीराचार्यांचा कंठा

१२३४५६५४३२१ ही संख्या प्रथम नजरेत भरते ती तिच्या बांध्यामुळे. एकापासून एकेकाने वाढत सहापर्यंत जाणारी आणि तशीच एकेकाने घटत एकापर्यंत येणारी ही अकरा अंकांची ओळ डावीकडून वाचली काय किंवा उजवीकडून वाचली काय, सारखीच राहते. आजच्या मराठी वाचनाप्रमाणे ती बारा अब्ज चौतीस कोटी छप्पन्न लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस इतकी भरते. संख्या केवढी आहे हे एकदा कळले, की अभ्यासकाचा पुढचा प्रश्न असतो तो तिच्या जातकुळीचा: ती मूळ संख्या आहे की संयुक्त, एखाद्या संख्येचा वर्ग आहे की नाही, तिला किती विभाजक आहेत, त्या विभाजकांची बेरीज तिच्याहून कमी भरते की जास्त, आणि तिच्या अंकांमध्ये जो डौल दिसतो तो तिचा स्वतःचा आहे की केवळ दशमान लेखनाने तिला चढविलेला आहे. यातला शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण आहे.

ही संख्या कोणा आधुनिक हौशी गणितज्ञाने शोधलेली नाही. इ.स. ८५० च्या सुमारास महावीराचार्यांनी रचलेल्या ‘गणितसारसंग्रह’ या संस्कृत ग्रंथात, गुणाकाराच्या उदाहरणांमध्ये, ती उत्तर म्हणून येते. २७९९४६८१ या संख्येला ४४१ ने गुणावे, म्हणजे एकापासून सहापर्यंत चढून क्रमाने उतरणारी संख्या मिळते, असे ते उदाहरण आहे. आचार्यांनी अशी अनेक उदाहरणे दिली आहेत: १२३४५६७९ ला ९ ने गुणले की नऊ एकांची ओळ उमटते, १५२२०७ ला ७३ ने गुणले की आठ एकांची, आणि १३९ ला १०९ ने गुणले की १५१५१ मिळतात. अशा सममित उत्तरांना त्यांनी राजाच्या गळ्यात शोभेल अशा कंठ्याची उपमा दिली. मोती दोन्ही बाजूंनी मध्याकडे मोठे होत जावेत तसे अंक मध्याकडे वाढत जातात, ही गोष्ट त्यांच्या रसिकतेला भावली असावी. मात्र हे कंठे ओवताना त्यांनी गणिताची शिस्त किंचितही सैल सोडलेली नाही, हे पुढे दिसेल.

त्याच ग्रंथात आचार्यांनी अंकस्थानांची जी नावे दिली आहेत ती चोवीस आहेत. एक, दश, शत, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी आणि शतकोटी यांच्यापुढे अर्बुद, न्यर्बुद, खर्व, महाखर्व अशी चढत ती क्षोभ आणि महाक्षोभ या स्थानांपर्यंत पोहोचतात, म्हणजे एकावर तेवीस शून्ये इतक्या उंचीपर्यंत. या मापाने पाहिले तर आपली संख्या अकराव्या, अर्बुदाच्या स्थानाशी थांबते. इतक्या दूरच्या स्थानांना नावे देऊन ठेवण्यामागे व्यापाराची किंवा महसुलाची गरज असणे शक्य नव्हते. आचार्य ज्या जैन परंपरेतले होते तिला विश्वाचे आणि काळाचे मोजमाप करावयाचे होते आणि त्यासाठी ती मोठ्या संख्यांकडे निर्भयपणे गेली.

महावीराचार्यांनी ग्रंथाच्या आरंभी ज्याची स्तुती केली आहे तो राजा म्हणजे राष्ट्रकूट अमोघवर्ष नृपतुंग, आणि या राजाचे नाव कोल्हापुराला अगदी वेगळ्या कारणाने जवळचे आहे. शके ७९३ म्हणजे इ.स. ८७१ च्या संजाण ताम्रपटात असे सांगितले आहे की, प्रजेवर आलेले अरिष्ट टळावे म्हणून अमोघवर्षाने आपल्या डाव्या हाताचे बोट महालक्ष्मीला अर्पण केले. ही महालक्ष्मी म्हणजे कोल्हापूरची अंबाबाई, असे अनेक इतिहासकार मानतात. ज्या राजाची भक्ती करवीराच्या देवीशी जोडली जाते त्याच राजाच्या छत्राखाली हा गणितग्रंथ लिहिला गेला, ही गोष्ट कोल्हापुरात क्वचितच सांगितली जाते. शहराचे आणि गणिताचे नाते म्हटले की जयंत नारळीकरांचा जन्म येथे १९३८ मध्ये झाला याचा उल्लेख होतो, आणि तो व्हायलाच हवा. पण हे दुसरे, अधिक जुने नातेही विसरण्याजोगे नाही.

ते नाते विसाव्या शतकात पुन्हा जुळले ते आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांच्यामुळे. चिकोडी तालुक्यातल्या सदलग्यात जन्मलेले आणि १९३० पासून तीन दशके कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकविणारे उपाध्ये हे प्राकृत ग्रंथांचे संपादक म्हणून सर्वत्र परिचित आहेत. ‘गणितसारसंग्रह’ प्रथम छापून निघाला तो १९१२ मध्ये मद्रासला, एम. रंगाचार्यांच्या इंग्रजी भाषांतरासह. त्यानंतर १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह तो पुन्हा प्रसिद्ध केला, तो ज्या जीवराज जैन ग्रंथमालेत, तिचे प्रधान संपादक हिरालाल जैन आणि उपाध्ये हे होते. याच ग्रंथमालेचा आरंभ ज्या ग्रंथाने झाला तो ‘तिलोयपण्णत्ती’ही या दोघांनीच संपादित केला होता, आणि त्याचे दोन भाग १९४३ आणि १९५१ मध्ये निघाले.

जैन करणानुयोगाच्या, म्हणजे विश्वरचनेच्या शास्त्राच्या, ज्या परंपरेतला ‘तिलोयपण्णत्ती’ आहे, तिच्यात संख्यांचे एक वर्गीकरण आहे, आणि ते आजच्या वर्गीकरणाशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. त्यात संख्यांचे तीन मोठे वर्ग केले आहेत: संख्यात म्हणजे मोजता येणाऱ्या, असंख्यात म्हणजे मोजणीपलीकडच्या, आणि अनंत. संख्याताचे जघन्य, मध्यम आणि उत्कृष्ट असे तीन प्रकार. असंख्यात आणि अनंत यांचे प्रत्येकी तीन पोटवर्ग व त्या प्रत्येकाचे पुन्हा तीन प्रकार. असे सर्व मिळून एकवीस प्रकार होतात. जघन्य संख्यात म्हणजे दोन, कारण एकाला येथे मोजणीचा आरंभ मानलेले नाही. या मांडणीत बारा अब्जांची आपली संख्या केवळ मध्यम संख्यात ठरते, म्हणजे तीन जिथे बसते त्याच घरात तीही बसते. हे वर्गीकरण संख्येच्या आकाराकडे पाहते, तिच्या घडणीकडे पाहत नाही; आणि घडणीकडे पाहिल्याशिवाय तीन आणि बारा अब्ज यांच्यातला खरा फरक हाती लागत नाही.

घडणीकडे जाण्याची वाट महावीराचार्यांच्याच उदाहरणात आहे. ४४१ हा २१ चा वर्ग आहे, आणि २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग आहे. दोन वर्गांचा गुणाकार हा वर्गच असतो, म्हणून उत्तर हे २१ गुणिले ५२९१ या संख्येचा वर्ग असले पाहिजे, आणि २१ गुणिले ५२९१ बरोबर ११११११. सहा एकांच्या ओळीचा वर्ग तो हा कंठा. सहा एकांना सहा एकांनी गुणताना जुन्या पद्धतीने एकाखाली एक सहा ओळी लिहिल्या, प्रत्येक ओळ एकेका घराने डावीकडे सरकविली आणि मग उभ्या रकान्यांची बेरीज केली, तर उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच एक असतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, मधल्या रकान्यात सहा, आणि तिथून पुढे डावीकडे जाताना एकेक कमी होत जातो. कोणत्याही रकान्याची बेरीज नऊच्या वर जात नाही, त्यामुळे हातचा धरावा लागत नाही, आणि हातचा न आल्यामुळेच कंठ्याचा एकही मोती जागचा हलत नाही. नऊ एकांपर्यंत हे असेच चालते आणि १२३४५६७८९८७६५४३२१ हा सर्वांत लांब कंठा मिळतो. दहा एकांच्या वेळी मधल्या रकान्यात दहा येतात, हातचा पुढे जातो आणि ओळ मोडते.

महावीराचार्यांनी हा वर्ग उघड न दाखविता तो ४४१ आणि २७९९४६८१ यांच्यामागे लपविला, आणि यातच त्यांच्या ग्रंथाची जात कळते. विद्यार्थी गुणाकार करू लागला की २७९९४६८१, मग त्याखाली १११९७८७२४०, मग ११११९... असे काही सुबक येईल अशी त्याला आशा वाटते, पण तिसरी ओळ निघते ती १११९७८७२४००. या तिन्ही ओळींत कसलीही सममिती नाही, त्यांची बेरीज करताना पावलोपावली हातचे येतात, आणि एवढ्या हातच्यांमधून शेवटी जे उत्तर खाली उतरते त्यात खडा म्हणून लागत नाही.

११११११ चे मूळ अवयव ३, ७, ११, १३ आणि ३७ हे आहेत, म्हणून आपल्या संख्येत हे पाचही मूळ अवयव प्रत्येकी दोन वेळा येतात. तिचा कोणताही विभाजक बनविताना या पाचांपैकी प्रत्येक अवयव शून्य, एक किंवा दोन वेळा घ्यावयाचा असतो, म्हणजे प्रत्येकासाठी तीन पर्याय, आणि पाच अवयवांचे मिळून ३ चा पाचवा घात, अर्थात २४३ विभाजक. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषम असते, कारण इतर सर्व विभाजकांच्या जोड्या लागतात आणि वर्गमूळ मात्र एकटे उरते; येथे ते एकटे उरलेले विभाजक म्हणजे ११११११.

विभाजकांच्या बेरजेवरून संख्यांचे जे वर्गीकरण होते ते ग्रीक परंपरेत निकोमाकसाने सुमारे इ.स. १०० मध्ये मांडले. संख्येहून लहान असलेल्या तिच्या सर्व विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच भरली तर ती परिपूर्ण, जसे १, २ आणि ३ मिळून ६. कमी भरली तर न्यून. आणि जास्त भरली तर विपुल. सम संख्यांमध्ये विपुल संख्या पुष्कळ सापडतात, १२ हीच पहिली आहे. विषम संख्यांमध्ये मात्र त्या विरळ आहेत, आणि पहिली विपुल विषम संख्या थेट ९४५ ही आहे. आपली संख्या विषम आहे, तेव्हा ती न्यून असावी असाच कोणाचाही अंदाज होईल. प्रत्यक्ष हिशेब वेगळा निघतो. तिच्या सर्व विभाजकांची बेरीज १३, ५७, १३३, १८३ आणि १४०७ यांच्या गुणाकाराइतकी, म्हणजे २५३७५५२४९९३ येते. त्यातून ती स्वतः वजा केली तर १३०२९८७०६७२ उरतात, आणि हे तिच्याहून अडुसष्ट कोटींनी अधिक आहेत. म्हणजे ती विपुल आहे.

या विपुलतेत एक बारकावा आहे. ३७ हा अवयव बाजूला ठेवला तर ३००३ चा वर्ग, ९०१८००९, उरतो. त्याच्याहून लहान विभाजकांची बेरीज ९०१७१९० भरते, म्हणजे नव्वद लाखांच्या व्यवहारात अवघे ८१९ कमी. परिपूर्णतेच्या उंबरठ्याशी येऊन थांबलेली ही न्यून संख्या ३७ च्या वर्गाने गुणली जाते आणि उंबरठा ओलांडून विपुल होते. एकही विषम परिपूर्ण संख्या आजवर सापडलेली नाही, आणि तशी संख्या असू शकत नाही हेही कोणाला सिद्ध करता आलेले नाही. ते ठाऊक असणाऱ्याला या ८१९ च्या तुटीपाशी क्षणभर थांबावेसे वाटल्यावाचून राहणार नाही.

महावीराचार्यांच्या कंठ्याला महाराष्ट्रात दुसरा पारखी मिळाला तो अकरा शतकांनंतर. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ मध्ये डहाणूला जन्मले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण नसताना, विद्यापीठाचे पाठबळ नसताना त्यांनी संख्यांचे एकामागून एक वर्ग कल्पिले आणि त्यांना नावे दिली. मुंबईजवळच्या डेमलो या रेल्वे स्थानकावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी डेमलो संख्या म्हटले, आणि एकांच्या ओळींचे वर्ग, म्हणजे १, १२१, १२३२१ अशी सुरू होणारी माळ, ही त्यांच्या मते डेमलो संख्यांपैकी अद्भुत होती. महावीराचार्यांची संख्या या माळेत सहावी येते.

कापरेकरांच्या इतर कसोट्यांना ही संख्या लावून पाहिली की तिचा स्वभाव आणखी उलगडतो. जी संख्या आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते तिला त्यांनी हर्षद संख्या म्हटले. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ३६, सहाचा वर्ग, पण संख्या विषम असल्यामुळे ती ३६ ने भागली जात नाही. हर्षदत्व माळेतल्या पहिल्या नऊ मण्यांपैकी तिघांनाच लाभते, पहिल्या, तिसऱ्या आणि नवव्या. स्वयंभू संख्येची कसोटी अधिक नाजूक आहे. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळविली की नवी संख्या जन्मते, आणि जी संख्या अशा रीतीने कोणापासूनच जन्मत नाही ती स्वयंभू, जिला कापरेकरांनी आपल्या गावावरून देवळाली संख्या असेही नाव दिले. आपल्या संख्येला कोणी जनक आहे का, हे शोधताना नऊचा नियम कामी येतो. संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना नऊने भागल्यास बाकी सारखीच उरते, आणि आपली संख्या नऊने भागली जाते, म्हणून जनकाच्या अंकांची बेरीज नऊच्या पटीत असलीच पाहिजे. ९ वजा करून पाहावे तर उरलेल्या संख्येच्या अंकांची बेरीज ३६ येते. १८ वजा करावे तरी ३६. २७ आणि ३६ वजा केल्यास ४५. आणि ४५ वजा केल्यावर १२३४५६५४२७६ उरते, जिच्या अंकांची बेरीज नेमकी ४५ आहे. तोच तिचा जनक, आणि याच रीतीने पुढच्या पटी तपासल्या की तो एकमेव असल्याचे दिसते. ती स्वयंभू नाही.

कापरेकर संख्येची कसोटी अशी की संख्येचा वर्ग करावा, त्याचे दोन भाग पाडावेत आणि ते मिळवून मूळ संख्या परत यावी. जसे ४५ चा वर्ग २०२५ आणि २० अधिक २५ बरोबर ४५. ११११११ च्या वर्गाचे १२३४५ आणि ६५४३२१ असे भाग पाडून मिळविले तर ६६६६६६ येतात, म्हणजे मूळ संख्येची सहापट. कसोटी हुकली, पण ती हुकण्यातही शिस्त आहे: एक सहा वेळा होता, तर उत्तर सहापट आले. नऊ एकांच्या बाबतीत १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१ मिळून ९९९९९९९९९ येतात, म्हणजे नऊपट.

अंकांच्या अशा गुणधर्मांविषयी केंब्रिजचे जी. एच. हार्डी यांचे मत प्रतिकूल होते. १९४० च्या आपल्या पुस्तकात त्यांनी ८७१२ आणि ९८०१ या चार अंकी संख्या आपल्या उलट्या रूपाच्या पटीत असतात हे उदाहरण घेऊन, अशा गोष्टी कोड्यांच्या सदरात शोभतील पण गणितज्ञाला त्यांत काही भावण्यासारखे नाही, असे म्हटले. हा आक्षेप वजनदार आहे, कारण दहाच्या पायावर संख्या लिहिणे ही माणसाची सोय आहे आणि दुसऱ्या पायावर लिहिताच असे अनेक चमत्कार विरून जातात. हर्षदत्व, स्वयंभूपण ही सारी त्या आक्षेपाच्या तडाख्यात सापडतात. महावीराचार्यांची संख्या मात्र सापडत नाही. सातच्या पायावर, म्हणजे एकक, सात, एकोणपन्नास, तीनशे त्रेचाळीस अशी स्थाने मानून, सहा एक लिहिले तर ते १९६०८ होतात. त्यांचा वर्ग ३८४४७३६६४. आणि हा वर्ग सातच्याच पायावर लिहिला तर तो पुन्हा १२३४५६५४३२१ असाच दिसतो. आठ, बारा, साठ, सातापुढचा कोणताही पाया घेतला तरी तेच होते, कारण मधला सहा पायाहून लहान असेपर्यंत हातचा येत नाही. दोन भागांची बेरीज सहापट भरण्याचा गुणही अशा प्रत्येक पायावर टिकतो. तेव्हा या कंठ्याचा डौल दशमान लेखनाने दिलेला नाही; तो गुणाकाराच्या क्रियेतच आहे आणि दशमान लेखनाने तो केवळ दाखविला. हार्डींचा निवाडा या संख्येला लागू करणे अन्यायाचे होईल, आणि देवळालीच्या शिक्षकाच्या वाट्याला बराच काळ जी उपेक्षा आली तीही याच घाईच्या निवाड्याची संतती होती.

कापरेकरांच्या बाजूने एक पुरावा आणखी आहे, आणि तो जिथे कंठा तुटतो तिथेच मिळतो. दहा एकांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा येतो. चढत्या बाजूचा आठ त्यातून गळालेला आहे, मध्ये दोन शून्ये आली आहेत, सममिती गेली आहे. याच वर्गाचे १२३४५६७९० आणि ०९८७६५४३२१ असे दोन भाग करून मिळविले तर ११११११११११, बरोबर दहा एक, परत येतात. एकाच्या पहिल्या मण्यानंतर आठ वेळा हुकलेली कापरेकर कसोटी या दहाव्या ओळीत साधते, आणि याचे कारण दहाला नऊने भागल्यावर एक उरतो एवढेच आहे.

कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यातल्या शाळांमध्ये सहावी-सातवीच्या मुलांना मोठे गुणाकार शिकविले जातातच; त्या शिक्षकांनी महावीराचार्यांचा हा एक गुणाकार, त्यांचे नाव सांगून, वर्षातून एकदा फळ्यावर अवश्य घालावा. उत्तर अकरा अंकी असल्याने ते साध्या आठ किंवा दहा अंकी कॅल्क्युलेटरवर मावत नाही; हा गुणाकार कागदावर, हातचे धरूनच करावा लागतो.